खुर्द्याची गणती

पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेला तो निरोप मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना पाठ असतो. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. सहावीत बाईंनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा त्यातली सांकेतिक भाषा उलगडण्यातच आम्हा मुलांना मजा वाटली होती. खुर्द्यापाशी मी थांबले ती कितीतरी वर्षांनी, आणि थांबले ती अजून तिथेच आहे.

कोण होता हा खुर्दा? बारगीर, शिलेदार, भालदार, घोड्यांना दाणावैरण घालणारे, तोफांचे बैल हाकणारे, भटारखान्यातले आचारी, सैन्याच्या आधाराने काशी-प्रयागाची यात्रा घडेल म्हणून निघालेली म्हातारी माणसं, बायका, पोरं. यांतल्या न लढणाऱ्यांसाठी आपल्या भाषेत 'बाजारबुणगे' असा शब्द आहे आणि तो आजही तुच्छतेनेच वापरला जातो. १४ जानेवारी १७६१ च्या त्या एका दिवसात महाराष्ट्रातल्या घराघरांतलं माणूस गेलं असं आपण अडीचशे वर्षं म्हणत आलो आहोत. घराघरांतलं म्हणजे कोणाचं, हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. मोत्यांची आणि मोहरांची यादी झाली. खुर्दा ओंजळीतून सांडला तो सांडलाच.

युद्धात मेलेल्यांचं स्मरण आपण आजही याच हिशेबाने करतो, आणि जोवर तो हिशेब बदलत नाही तोवर ज्या मनःशांतीच्या मागे आपण सगळे लागलो आहोत ती समाज म्हणून आपल्याला मिळणार नाही, असं माझं मत आहे. ते पटण्यासारखं आहे की नाही हे वाचणाऱ्याने ठरवावं. मला ते का पटलं, ते सांगते.

मनःशांती हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. शिबिरं असतात, सकाळी मोबाइलवर सुविचार येतात, आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: मागचं सोडून द्या, ओझं उतरवा, आजच्या क्षणात राहा. स्वतःच्या रागालोभापुरतं हे ठीकच आहे, मी स्वतः रोज सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून बसते आणि त्याने मला बरं वाटतं. पण जे दुःख कधी नीट केलंच गेलं नाही ते सोडून कसं द्यायचं? हातात घेतलेली वस्तू खाली ठेवता येते. हाताला न लागलेलं मरण खाली ठेवता येत नाही.

पार्वतीबाईंचं उदाहरण घ्या. सदाशिवरावभाऊंबरोबर त्या पानिपतावर गेल्या होत्या आणि त्यांच्याविना पुण्याला परतल्या. नवरा गेला हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केलं नाही. १७८३ मध्ये मरण येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. मधल्या काळात भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, माणसं त्याच्यामागे धावली. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं तेव्हा कुठे ते बंड निवलं. इतिहासात तोतयाचं प्रकरण राजकारण म्हणून शिकवतात. मला त्यात एका अख्ख्या राज्याचा न संपलेला शोक दिसतो. मेलेल्याला मेलेला म्हणण्याचा क्षणच आला नाही, म्हणून जिवंत माणसं पंधरा वर्षं कोणावरही विश्वास ठेवायला तयार होती. आणि हे झालं मोत्याच्या बाबतीत. खुर्द्यामागे वाट पाहत बसलेल्या बायकांचं काय झालं असेल?

मला त्याची थोडी कल्पना आहे, कारण माझी पणजी तशी वाट पाहत होती.

आजीचे वडील 'बसऱ्याच्या लढाईला' गेले. आमच्या घरात पहिल्या महायुद्धाला कधी पहिलं महायुद्ध म्हणाले नाहीत. ती बसऱ्याची लढाई. आजी तेव्हा चालायलाही लागली नव्हती. ते परत आले नाहीत, आणि आले नाहीत याचा कागदही पणजीपर्यंत पोचला नाही, किंवा पोचला असेल तर तो वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. पणजीने कुंकू पुसलं नाही. बारा वर्षं झाली, मग भावकीने दर्भाचा पुतळा करून दहन करायचं ठरवलं, तशी रीत आहे. पणजी त्या दिवशी शेतावर निघून गेली आणि अंधार पडल्यावर परतली. आजी सांगायची, त्यानंतर आई बोलायची, कामं करायची, पण दाराकडे पाठ करून कधी बसली नाही. हे आजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी सांगायची आणि सांगताना तिचीही नजर दाराकडे जायची. पणजीचं वाट पाहणं तिच्याबरोबर संपलं नव्हतं, ते आजीकडे आलं होतं.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जितके हिंदी सैनिक आणि मजूर त्या महायुद्धात गेले तितके दुसऱ्या कोणत्याही आघाडीवर गेले नाहीत. तिथे कुत गावी वेढ्यात अडकलेल्या फौजेचं नावच 'सहावी पूना डिव्हिजन' होतं. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने, हा वेढा चालला. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. कित्येक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस खायचं नाकारलं, मग ते खायला हरकत नाही अशा धर्मगुरूंच्या तारा हिंदुस्थानातून मागवाव्या लागल्या. शेवटी जनरल टाउनशेंड शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांत शिपाई होते तसे पाणके, खेचरवाले, डोलीवालेही होते. त्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि त्यांतले कितीतरी वाटेत आणि छावण्यांत मेले.

ज्यांची समाधी सापडत नाही अशांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला एक मोठं स्मारक उभं राहिलं. चाळीस हजारांहून जास्त मृतांचं ते स्मारक आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांची आणि शिपायांची नावं त्यावर कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव लिहून पुढे फक्त आकडा घातला. अमुक पलटण, इतके. पुन्हा रुपये-खुर्दाच. या वेळी गणती तेवढी झाली.

कोणी म्हणेल, इतकी नावं कोरायला जागा आणि पैसा कुठून आणायचा. पण दोनच वर्षं आधी, १९२७ मध्ये, फ्रान्समध्ये न्यूव शापेल इथे हिंदी सैनिकांसाठी जे स्मारक झालं त्यावर ४७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. युरोपातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर नाव आणि वाळवंटात आकडा, असा तो फरक होता. हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांचं स्मरण सारखं करायचं हे तर या कामासाठी नेमलेल्या साम्राज्य युद्धसमाधी आयोगाचं सुरुवातीपासूनचं तत्त्व होतं. ते पाळलं गेलं नाही, हे त्याच आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच चौकशी करून मान्य केलं आणि माफी मागितली. त्या अहवालातले आकडे मी दोनदा वाचले. किमान ४५ ते ५४ हजार माणसांचं स्मरण इतरांपेक्षा कमी दर्जाचं झालं. आणखी किमान १ लाख १६ हजारांचं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने झालंच नाही किंवा मुळीच झालं नाही. त्यांत हिंदी होते, आफ्रिकेतले होते, इजिप्तचे होते.

ते बसऱ्याचं स्मारकही जागेवर राहिलं नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकुमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर दूर, १९९१ च्या युद्धात जिथे लढाई पेटली होती त्या वैराण भागात नेऊन ठेवलं.

परक्या सरकारला दोष देणं सोपं आहे, आणि तो दोष खराच आहे. पण आपण काय केलं? कोकणात, साताऱ्यात, पुणे जिल्ह्यात कितीतरी गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. तीही आकड्याचीच पाटी. ज्या गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं त्या साताऱ्याजवळच्या गावाने त्या एका युद्धात ४६ माणसं गमावली. ही पाटी बसवणारे इंग्रज १९४७ मध्ये गेले. त्यानंतर आकड्याखाली नावं लिहायला आपल्याला कोणी अडवलं होतं? बहुतेक गावांत ती पाटी चुन्याखाली गेली, काही ठिकाणी नव्या इमारतीच्या बांधकामात फुटली. माझ्या आजीच्या माहेरी ती शिल्लक आहे, शाळेच्या व्हरांड्यात, घंटेच्या खाली.

आपल्याकडे स्मरणाची परंपरा नव्हती असंही नाही. गावाबाहेर, देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ पाहा. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गाई वाचवताना मेलेले, गावाच्या वेशीवर मेलेले हे लोक होते. बोरिवलीच्या एकसरला तर आरमारी लढाईचे वीरगळ आहेत. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. जोवर सांगणारं माणूस होतं तोवर तो दगड कोणाचा हे गावाला ठाऊक होतं, सांगणारं गेलं आणि दगडाला शेंदूर लागला किंवा त्यावर धुणं आपटलं जाऊ लागलं.

नाव लिहिल्याने काय होतं ते पाहायचं तर कोरेगाव भीमाचा स्तंभ पाहावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला आपल्या विजयासाठी, आपल्या अभिमानासाठी. पण त्यावर ४९ मृतांची नावं कोरली आणि त्यांत २२ नावं शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार शिपायांची, होती. शंभराहून अधिक वर्षांनी, १ जानेवारी १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज लाखो माणसं जातात. ज्यांना गावाच्या वेशीत नाव नव्हतं त्यांचं नाव दगडावर होतं, म्हणून ते सापडलं. आकडा कोरला असता तर कोण कोणाला शोधत गेलं असतं? पेशव्यांच्या बाजूने त्या दिवशी मेलेल्या शेकडो लोकांची नावं तिथे नाहीत, हेही मला तितकंच सलतं. तेही कोणाचे तरी पणजोबा होते.

मुंबईकरांना तर लांब जायलाही नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. त्यात कापूस होता आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. दोन स्फोटांनी गोदी आणि मांडवीकडचा भाग उद्ध्वस्त केला. युद्धकाळ म्हणून बातमी दाबली गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मेले. त्यांचं स्मरण दरवर्षी होतं, देशभरचा अग्निशमन सप्ताह त्याच तारखेपासून सुरू होतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी गोदीत पाठीवर गोणी घेऊन चढणारे-उतरणारे हमाल, खलाशी, वखारीतले मजूर, जवळच्या चाळींतली बायकामुलं? मृतांचा आकडाच आठशे ते तेराशे यांच्यामध्ये झुलत राहतो. पाचशे माणसांची तफावत! पोटासाठी घाटावरून आणि कोकणातून आलेली ही माणसं जर्मन किंवा जपानी गोळीने नव्हे, कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरणाऱ्या बेफिकिरीने मेली. तरी ती युद्धाचीच बळी आहेत.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही मी गांभीर्याने घेते.

पहिला आक्षेप असा की हे सारे साम्राज्यासाठी लढले, आपण त्यांना का आठवायचं? पण आठवणं म्हणजे त्या युद्धाचं समर्थन करणं नव्हे. माझा पणजोबा कैसरशी किंवा तुर्की सुलतानाशी काही वैर असल्यामुळे गेला नाही. दोन एकर कोरडवाहू, वर सावकार, आणि भरतीवाल्यांनी पगाराचा आकडा सांगितला. १९१८ मध्ये खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव पायी फिरले होते. जिथे एवढ्या मोठ्या माणसांनाही ते युद्ध आपल्या फायद्याचं ठरेल असं वाटलं, तिथे एका कुणब्याकडून आपण कोणत्या दूरदृष्टीची अपेक्षा करतो? ज्याला पाठवलं गेलं तोही त्या युद्धाचा बळीच असतो. दिल्लीत २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावं एकेक ग्रॅनाइटच्या विटेवर कोरली आहेत, शिपायापासून वरपर्यंत सर्वांची. हे काम आपल्याला करता येतं. फक्त १९४७ च्या आधी मेलेले आणि गणवेशाविना मेलेले यांच्यापर्यंत ते पोचलेलं नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. स्मरण केलं की राग जागा होतो, जुनी वैरं वर येतात, म्हणून विसरणंच शांतीचं, असं काही समंजस माणसं म्हणतात. त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं असतं. युद्धाची आठवण काढायची म्हणजे ढोल, भाषणं आणि कोणाला तरी धडा शिकवण्याची शपथ, हेच आपण पाहत आलो आहोत. मे २०२५ मधल्या त्या चार दिवसांत आमच्या सोसायटीतल्या गटावर रात्रभर नकाशे आणि घोषणा येत होत्या. त्याच रात्री पूंछमध्ये तोफांच्या माऱ्यात साधी माणसं, लहान मुलंसुद्धा, आपापल्या घरात मेली. सकाळी गटावर त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. मी लिहिली, तर एका शेजाऱ्याने विचारलं, आत्ता हे कशाला? मला वाटतं राग त्या घोषणांनी वाढला, पूंछच्या मुलांच्या आठवणीने वाढला नसता. नावानिशी मेलेलं माणूस समोर ठेवलं की हात आपोआप खाली येतो. राग चढतो तो आकड्यांवर: त्यांचे इतके, आमचे इतके.

या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर मला आपल्याच एका रीतीत सापडलं. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही की सगळे अस्वस्थ होतात. मग कोणी जाणतं माणूस पुढे होतं आणि मोठ्याने सांगतं: तुझ्या पोरीचं लग्न मी करीन, तुझ्या आईला अंतर देणार नाही, तुझं कर्ज मी फेडीन. मृताची इच्छा अडली आहे, ती पुरी करण्याचा शब्द दिल्याशिवाय तो सुटत नाही आणि आपणही सुटत नाही, अशी ही समजूत. कोणी श्रद्धेने करो वा न करो, त्यातली मनाची जाण मला फार खोल वाटते. शांती इथे विसरल्याने येत नाही, शब्द दिल्याने येते. आणि तो शब्द चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने, 'मी करीन' असाच द्यावा लागतो.

हिरोशिमाच्या स्मारकाखाली दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. १९४५ नंतर त्या बाँबच्या परिणामांनी जो जो मरत गेला त्याचं नाव दरवर्षी ६ ऑगस्टला त्यांत घातलं जातं. आता ती संख्या ३ लाख ४० हजारांच्या पुढे गेली आहे. दर वर्षी मे महिन्यात या वह्या बाहेर काढून, पानं उलटून त्यांना वारा देतात, दमटपणाने खराब होऊ नयेत म्हणून. एक वही ज्यांची नावं कळली नाहीत त्यांच्यासाठी आहे. वर दगडावर कोरलं आहे: शांतपणे विसावा, ती चूक पुन्हा होणार नाही. जपानी वाक्यात कर्ता नाही. मराठीतही हे वाक्य कर्त्याशिवाय सहज उभं राहतं, वर मी लिहिलं तसं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे एकमेव न्यायमूर्ती राधाविनोद पाल १९५२ मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांनी यावरच बोट ठेवलं. चूक कोणाची? बाँब टाकणारे तर हे लिहीत नाहीत. त्यांचा प्रश्न रास्त होता. शहराने दिलेलं उत्तर, की हा शब्द साऱ्या मानवजातीच्या वतीने आहे, तेही मला मोलाचं वाटतं. तरीही दहाव्याच्या घाटावर उभं राहून पाहिलं तर त्यात काहीतरी उणं राहतं. सगळ्यांच्या वतीने दिलेला शब्द पाळायची जबाबदारी कोणाची? त्याच शहरात बाँबने मेलेल्या कोरियन लोकांचं स्मारक १९७० पासून शांती उद्यानाच्या बाहेर होतं, ते आत यायला १९९९ उजाडलं. जिथे जगातलं सर्वांत मनःपूर्वक स्मरण चालतं तिथेही कोणी तरी वेशीबाहेर होतं. हा त्या शहराचा कमीपणा म्हणून मी सांगत नाही. त्यांनी ती चूक दुरुस्त केली. आपण अजून वहीच उघडलेली नाही.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. ज्या गावात महायुद्धाची पाटी आहे त्या ग्रामपंचायतीने आकड्याखालची नावं शोधावीत आणि लिहावीत. समाधी आयोगाची नोंदवही आता घरबसल्या पाहता येते, तिच्यात पलटण आणि बहुतेक वेळा वडिलांचं नाव, गाव, तालुका सापडतो. पंजाबमधल्या सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या, तीन लाखांहून अधिक नावं, त्या २०२१ पासून लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या आणि इंग्लंड-कॅनडात राहणाऱ्या नातवंडांनी त्यांतून आपले आजे-पणजे शोधून काढले. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, जुने सात-बारा आहेत, शाळेचे दाखले आहेत, आणि अजून काही घरांत माझ्या आजीसारखी ऐकून लक्षात ठेवलेली माणसं आहेत. पुढच्या दहा वर्षांत तीही नसतील. खेचरवाल्याचं नाव शिपायाच्या खाली न लिहिता शेजारी लिहावं. मुंबईत गोदीच्या स्फोटात मेलेल्या कामगारांची जेवढी नावं मिळतील तेवढी महापालिकेने गोळा करावीत.

आणि ती मोठ्याने वाचावीत. कधी? पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढे 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. शस्त्राने मेलेल्यांसाठी आपल्या वर्षात एक दिवस राखून ठेवलेला आहे आणि दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला, ज्यांची तिथी कोणाला ठाऊक नाही त्यांच्यासाठी दुसरा. पण बसऱ्याला गेलेल्यांत मुसलमान होते, ज्यू होते, ख्रिस्ती होते, आणि ज्यांच्या नातवंडांनी पुढे बौद्ध धम्म घेतला तेही होते. म्हणून श्राद्ध ज्याने त्याने घरी करावं, गावाने २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नावं वाचावीत. तो दिवस गांधीजींचा आहे आणि पितृपक्षाच्या आगेमागेच येतो. भाषण नको. नाव वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपल्यापुरता एक शब्द द्यावा, घाटावर देतात तसा. माझा ठरलेला आहे: मला न दिसणाऱ्या माणसांच्या मरणाचा आनंद मी कधी साजरा करणार नाही, कोणत्याही सीमेच्या पलीकडच्या.

आजीच्या माहेरच्या शाळेत मुख्याध्यापकांनी आणि मी गेल्या वर्षी सुरुवात केली. पाटीवर प्राण दिलेल्यांचा आकडा पाच आहे. पहिलं नाव पणजोबांचं मिळालं, त्यांची पलटणही. दुसरं नाव महारवाड्यातल्या एका घराने दिलं, ते लोक आता डोंबिवलीला असतात, आणि फोनवर नाव सांगताना ते गृहस्थ मध्येच थांबले, मग म्हणाले, थांबा बाई, नीट लिहून घ्या, काना-मात्रा चुकवू नका. तिसरं एका मुसलमान खेचरवाल्याचं, जो लढलाच नव्हता आणि रेल्वेच्या कामावर मेला. ती तीन नावं आम्ही संगमरवराखाली गेरूच्या पट्ट्यावर पांढऱ्या रंगाने लिहून घेतली. चौथी आणि पाचवी ओळ आखून कोरी ठेवली आहे.